पेशंट, स्त्री, वय एकवीस

ईस्टरच्या सुट्टीत मुलगी मँचेस्टरहून घरी आली, ती अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट घालून. लंडनमध्ये आमच्या पिनर स्टेशनबाहेर मी गाडीत बसून होते. तिनं लांबूनच हात हलवला, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून तिच्या कोपरांकडे बघत राहिले.

तिला इसब आहे, अगदी तान्ही असल्यापासून. रात्री हातांना सुती मोजे बांधायचे, अंगाला मलम चोपडून ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या, सकाळी चादरीवरचे रक्ताचे ठिपके गार पाण्यात भिजत घालायचे, यात तिचं लहानपण गेलं. शाळेत मुली विचारायच्या, हे आम्हाला होईल का? मी स्वतः नर्स आहे, इथल्याच एका हॉस्पिटलात डायलिसिसच्या वॉर्डवर. स्टेरॉइडची मलमं, लाइट ट्रीटमेंट, खाण्यातून दूध काढ, अंडं काढ, सगळं करून झालं होतं. आणि आता ती गाडीत बसली आणि तिनं हात माझ्यापुढे धरला.

"हात लावून बघ ना, आई."

मी बोट फिरवलं. कोपराच्या घडीत, जिथं कायम चामड्यासारखं जाड आणि भेगाळलेलं असायचं, तिथं नुसती त्वचा होती.

मँचेस्टरला एक चिनी हर्बलिस्ट बाई आहेत, असं तिनं सांगितलं. तिच्या फ्लॅटमधल्या मैत्रिणीची मावशी त्यांच्याकडे जायची. बाई जीभ बघतात, दोन्ही मनगटांची नाडी बघतात, खूप प्रश्न विचारतात आणि मग काढ्याची पाकिटं देतात. त्या संध्याकाळी तिनं आमच्या किचनमध्ये काढा उकळला. ओल्या लाकडाचा आणि करपलेल्या चिंचेचा मिळून असेल तसा वास घरभर झाला. मी पाकीट उघडून पाहिलं. सालींचे तुकडे, पिवळ्या मुळांच्या चकत्या, आणि मधूनमधून हलकी, तपकिरी, पारदर्शक टरफलं.

"हे काय?"

"तो किड्याचा साल आहे."

"किड्याची साल."

"तेच. किडा कात टाकतो ना, म्हणून स्किनला चांगला. असं त्या म्हणाल्या."

माझा नवरा कौन्सिलमध्ये बिल्डिंग इन्स्पेक्टर आहे. कुठलीही गोष्ट ठोकून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्यानं चमचाभर काढा तोंडात घेतला आणि धावत जाऊन सिंकमध्ये थुंकला. "आमच्या आजीच्या कडुलिंबाला मी उगाच नावं ठेवली," तो म्हणाला. आम्ही तिघंही हसलो. मी नर्सच्या आवाजात विचारलं, "ब्लड टेस्ट?" ती म्हणाली, "केली. लिव्हरची टेस्ट दर महिन्याला करायचीच, असं त्या बाईच सांगतात. नॉर्मल आली. पुढची आपल्या जीपी डॉक्टरकडे बुक केलीये." माझं समाधान झालं. आमच्या वॉर्डातल्या कितीतरी पेशंटांपेक्षा ही मुलगी शहाणी होती.

मे महिन्यात तिच्या परीक्षा सुरू झाल्या. व्हिडिओ कॉलवर ती दमलेली दिसायची. जेवण जात नाही म्हणायची. परीक्षा म्हटल्यावर कोणाला जेवण जातं? मग एका दुपारी ती म्हणाली, "आई, परत खाज येते. पण रॅश नाहीये. नुसतीच खाज, सगळीकडे."

मी पोळ्या लाटत होते. माझा हात थांबला. रॅश नसलेली खाज म्हणजे काय असू शकतं, हे आमच्या वॉर्डवर रोज दिसतं. किडनीमुळं येते, तशी लिव्हरमुळंही येते.

"तू कुठं बसलीयेस? हा लाइट पिवळा आहे का?"

"डेस्क लॅम्प आहे."

"लॅम्प बंद कर आणि खिडकीपाशी जा."

"का?"

"जा म्हणते ना."

ती उठली. फोन हलला, छत दिसलं, मग खिडकी, मग तिचा चेहरा. मी तिला खालची पापणी बोटानं ओढून वर बघायला सांगितलं. मँचेस्टरचं आकाश तेव्हा नेहमीसारखं पांढुरकं होतं, त्यामुळं उजेडाला दोष देता येईना. डोळ्याचा पांढरा भाग जुन्या कागदासारखा पिवळा पडला होता.

"लघवीचा रंग कसा आहे?"

"आई, यक."

"कसा आहे ते सांग."

"डार्क. कोकसारखा. मी पाणी कमी पिते म्हणून असेल."

माझा आवाज शांत राहिला. नोकरीत मिळवलेली ती एक गोष्ट. काढा थांबव, कुठलीही गोळी घेऊ नकोस, मैत्रिणीला बरोबर घे आणि आत्ताच्या आत्ता ए अँड ईला, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, असं मी सांगितलं. उरलेली पाकिटं टाकू नकोस, बरोबर ने, असंही सांगितलं. ती "ओके" म्हणाली, आणि शेवटी विचारलं, "मी ठीक आहे ना?" मी म्हणाले, "तपासू दे त्यांना." ठीक आहेस, असं मला म्हणवलं नाही. फोन ठेवल्यावर पाहिलं तर लाटलेली पोळी माझ्या मुठीत चुरगाळून गेली होती.

नवरा वेम्बलीला कुठल्यातरी साइटवर होता. तो गाडी घेऊन मागून येणार होता. मी मेट्रोपॉलिटन लाइनने निघाले आणि युस्टनहून मँचेस्टरची ट्रेन पकडली. ट्रेनमध्ये समोरच्या सीटवर एक बाई सॅलड खात होती. तिच्या काट्याचा डब्याला लागून होणारा आवाज मला सहन होईना. लिव्हर बिघडण्याची कारणं मी मनात ओळीनं लावत होते, शाळेतल्या मुलीसारखी, आणि प्रत्येक कारणापुढं पुढचा रस्ताही आपोआप येत होता. आधी कावीळ, मग रक्त न गोठणं, मग मेंदूवर परिणाम, मग झोप, मग ती उठवता न येणारी झोप. बाकीच्या आयांना एवढं सगळं माहीत नसतं. त्यांना भीतीसुद्धा जरा हप्त्याहप्त्यानं मिळत असेल.

आमच्या घरात नवसाचा मार्ग नाही. माझ्या आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हापासून आमच्यात कोणी कुठल्या देवाला काही कबूल केलेलं नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्या ट्रेनमध्ये पहिल्यांदा जाणवलं, की ज्यांच्याशी सौदा करता येईल असं वर कोणीच नसलं की माणूस किती एकटा असतो. मी त्रिशरण म्हणायला लागले. तीन वेळा म्हणायचं असतं. क्रू स्टेशन येईपर्यंत म्हणत राहिले.

वॉर्डवर ती बेडवर पाय दुमडून बसली होती. हॉस्पिटलच्या पांढऱ्या लाइटखाली पिवळेपणा तिच्या गळ्यापर्यंत उतरलेला दिसत होता. मला बघून तिनं हात पुढे केले, आणि मग लगेच, रडायला येऊ नये म्हणून, म्हणाली, "ट्रेनला गर्दी होता का?"

रजिस्ट्रार डॉक्टर तरुण होता. त्यानं सगळं विचारलं. दारू किती, टॅटू आहे का, इंडियाला शेवटी कधी गेली होतीस, जंगली मशरूम खाल्लेत का. मग माझ्याकडे वळून तो फार गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर थांबता का? दोनच मिनिटं."

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. त्याच आवाजात मी कितीतरी नातेवाइकांना बाहेर पाठवलं आहे. त्याला तिला एकटीला विचारायचं होतं, की तू पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेतल्यास का? खूप घेतल्यास का? मुद्दाम घेतल्यास का?

मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. समोर हात कसे धुवायचे याचं पोस्टर होतं. मी ते वाचत होते, आणि एका बाजूला गेल्या महिन्यातला तिचा एकेक फोन आठवत होते. एकदा ती म्हणाली होती, "कधीकधी सगळंच बंद करावासा वाटतो." मी म्हणाले होते, "परीक्षा संपली की घरी ये, झोप काढ." तिच्या चादरींवरचे डाग मला वर्षानुवर्षं पाठ होते. पण तिला जगायचं आहे की नाही, हे मला खात्रीनं सांगता येत नव्हतं. आदल्या क्षणापर्यंत मला तिचं लिव्हर जाईल याची भीती होती. त्या भिंतीपाशी दुसरीच भीती वाटायला लागली, आणि पहिली त्यापुढं सोपी वाटली.

रजिस्ट्रार बाहेर आला. "ती म्हणते, घेतलेल्या नाहीत. मला खरं वाटतं. तरी आम्ही उताऱ्याचं ड्रिप चालू करतोय, त्याचा फायदाच होतो." मग त्यानं विचारलं, "ते चायनीज हर्ब्स. त्यात नेमकं काय आहे, कोणाला माहीत आहे?"

मुलीच्या फोनवरून मी बाईंना फोन लावला. पलीकडून तिचं नाव घेऊन कोणीतरी आनंदानं "हॅलो" म्हणालं.

"मी तिची आई बोलतेय. काय पाजलंत तुम्ही माझ्या मुलीला?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "डोळे पिवळे झालेत?"

"हो."

त्यांनी श्वास आत घेतला, तो मला ऐकू आला. "काढा बंद केला?"

"केला. आता काय उपयोग?"

"कुठलं हॉस्पिटल? मी निघते."

मला वाटलं, येणार नाहीत. त्या आल्या. साठीच्या, किरकोळ अंगाच्या, राखाडी रेनकोट घातलेल्या, चष्म्यावर पावसाचे थेंब तसेच. हातात कापडी पिशवी होती, आणि तिच्यात मुलीला दिलेल्या काढ्यातली प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या पुडीत बांधलेली. कन्सल्टंट डॉक्टर स्कॉटलंडच्या होत्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं. बाईंनी टेबलावर टिश्यू पेपर पसरला आणि एकेक पुडी उघडून लॅटिन नाव सांगितलं. एका सालीपाशी त्या थांबल्या. ती पांढुरकी होती, पोकळ, बांगडीच्या तुकड्यासारखी वळलेली.

"मला वाटतं, ही," त्या म्हणाल्या. "हिच्यामुळं पूर्वीही काही जणांचं लिव्हर बिघडल्याचं वाचलंय. क्वचित होतं. म्हणून मी टेस्ट करायला सांगते."

"वाचलंत, आणि तरी दिलीत?" मी विचारलं.

"त्वचेच्या या आजारावर हिचा गुण येतो. मी खूप वर्षं देते आहे. कधीच कोणाला..."

"आम्हीसुद्धा अशी औषधं देतो," कन्सल्टंट माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "बहुतेकांना सोसतात. एखाद्याला नाही सोसत. कोणाला, ते आधी कळत नाही." त्यांनी सालीची पुडी एका पिशवीत घालून लेबल लावलं. मला त्या वाक्याचा भयंकर राग आला. मला तिथं कोणीतरी ओरडायला हवं होतं.

उठताना बाईंनी विचारलं, "मी तिला एकदा बघू?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पण गेल्या नाहीत. रात्री मी पाणी आणायला बाहेर आले, तेव्हा लिफ्टजवळच्या खुर्चीत त्या बसलेल्या होत्या आणि शेजारी माझा नवरा. तो नुकताच पोचला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ताचे रिपोर्ट आले. रक्त गोठायला लागणारा वेळ वाढला होता, दुपारी आणखी वाढला. लिव्हर काम करायचं थांबवत होतं. कन्सल्टंटनी तिला दोन्ही हात पुढं करून, ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे तळवे उभे धरायला सांगितले. हात थरथरले, पक्ष्यानं पंख झटकावेत तसे झाले, तर विष मेंदूपर्यंत पोचलं असं समजायचं. मुलीला वाटलं, हा काहीतरी ताकद बघायचा प्रकार आहे, आणि तिनं जोर लावून तळवे ताठ धरले. मी तिच्या बोटांच्या टोकांकडे बघत होते. ती थरथरली नाहीत.

"बर्मिंगहॅमला हलवू या," कन्सल्टंट म्हणाल्या. "तिथं ट्रान्सप्लांट युनिट आहे. गरज पडेलच असं नाही. पण पडली, तर ती तिथं असलेली बरी."

ॲम्ब्युलन्समध्ये मी तिच्याजवळ बसले. नवरा गाडीनं मागून येणार होता. पार्किंगमध्ये त्यानं मला विचारलं, "मी काय करू, सांग." इतक्या वर्षांत त्यानं मला असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "नीट चालव. आमच्यामागं जोरात यायचं नाही." एम-सिक्स मोटरवेवर मागच्या काचेतून मला त्याची गाडी काही वेळ दिसली, मग ट्रकांमध्ये हरवली.

बर्मिंगहॅममध्ये तिच्या साखरेवर, शुद्धीवर, बोलण्यावर सतत नजर होती. नर्स यायची आणि विचारायची, आज कुठला वार, तू कुठं आहेस, वीसपासून उलटे आकडे म्हण. मग मला विचारायची, "हिचं बोलणं नेहमीसारखं आहे का? घरच्यांना आधी कळतं." एकदा ती हे विचारत असतानाच मुलगी मला मराठीत म्हणाली, "आई, तो खिडकी बंद कर ना. माझा डोळे दुखतो."

नर्स माझ्याकडे बघत थांबली. "ठीक बोलली का?"

माझी मुलगी इथं जन्मली, इथं वाढली. तिच्या मराठीत खुर्ची तो असते आणि पंखा ते असतं, आणि आम्ही दोघंही वर्षानुवर्षं हसून सोडून देत आलो. पण डोळे दुखतो? ती 'दुखतात' म्हणायची की 'दुखतो'? मला आठवेना. चूक नेहमीची आहे की लिव्हरची, हे त्या खोलीत फक्त मीच सांगू शकत होते, आणि मला ते कळत नव्हतं.

मी तिच्याजवळ वाकले. "बेटा, खुर्ची तो का ती?"

"काय?"

"खुर्ची. तो खुर्ची, की ती खुर्ची?"

तिनं डोळे बारीक केले. "आई, सीरियसली? मराठीचा क्लास आत्ता?"

मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. चिडली म्हणजे शुद्धीवर आहे. मी नर्सला सांगितलं, "नेहमीसारखीच आहे." नर्स लिहून घेऊन गेली. ती गेली आणि मला आठवलं, की चिडचिड हेसुद्धा त्याच आजाराचं सुरुवातीचं लक्षण असतं.

ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बोलावून सगळं समजावलं. रक्त गोठण्याचा आकडा एका रेषेपलीकडे गेला, किंवा तिचं भान सुटायला लागलं, तर तिचं नाव तातडीच्या यादीत जाईल. मग लिव्हर मिळेपर्यंत थांबायचं. नवरा विचारत होता, "माझं घ्या ना, थोडं कापून?" डॉक्टर हळुवारपणे सांगत होते, की एवढ्या घाईच्या वेळी तसं सहसा करत नाहीत. मी काही विचारलं नाही. किडनीसाठी फोनची वाट बघणाऱ्या माणसांमध्ये मी नोकरी केली आहे. फोन वाजतो म्हणजे कोणाच्या तरी घरात काय झालेलं असतं, हे मला ठाऊक होतं. आता मी या देशातल्या कुठल्यातरी अनोळखी आईच्या मुलाच्या मरणाची वाट बघणार होते, आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती. फक्त तो वेळेत मरावा, इतकंच डोक्यात होतं. नंतर कितीतरी दिवस मला स्वतःची त्यासाठी भीती वाटत राहिली.

त्याच दुपारी नवरा म्हणाला, "त्या बाई खाली आल्या आहेत. रोज मला फोन करतात. तू भेटलीस तर बरं, नाही भेटलीस तरी त्या समजून घेतील."

भांडायला म्हणूनच मी कॅन्टीनमध्ये गेले. त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली होती.

"मी तुम्हाला माफ करावं म्हणून आलात का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "घरात बसवत नाही."

"दवाखाना?"

"बंद ठेवलाय. हात थरथरतात. नाडी बघायची तर आपला हात स्थिर लागतो." त्यांनी हात टेबलाखाली नेले. "ती शेवटची आली होती तेव्हा मी तिला विचारलं, कसं वाटतं? ती म्हणाली, मस्त, जरा थकवा आहे. मी तिचे हात बघितले. इतके सुंदर झाले होते. मी म्हणाले, थकवा परीक्षेचा असेल."

मी बसले. मीही तेच म्हणाले होते, जवळजवळ त्याच शब्दांत. ते मी त्यांना सांगितलं नाही. मग मी म्हणाले, "वर चला. पण लांबून बघा." काचेच्या दारापाशी त्या उभ्या राहिल्या. मुलगी झोपली होती. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले, डोळे पुसले आणि परतीची ट्रेन पकडायला गेल्या.

रक्ताचा आकडा त्या रेषेच्या अगदी जवळ गेला. तिथं तो अडकून राहिला. डॉक्टर म्हणाले, "थांबू या." पुढच्या तपासणीत तो तितकाच होता. डॉक्टर पुन्हा म्हणाले, "थांबू या." त्या दोन तपासण्यांमध्ये मी काय केलं, कोणाशी बोलले, मला काहीही आठवत नाही. मग एका सकाळी डॉक्टर आत येता येताच म्हणाले, "उतरायला लागलाय." नवऱ्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. मी शांतपणे बाथरूममध्ये गेले, दार लावलं आणि उलटी केली.

मुलीनं टोस्ट मागितला.

तिचं स्वतःचं लिव्हर हळूहळू सावरलं. उन्हाळाभर ती पिनरला होती, जिना चढताना मध्ये बसायची. इसब परत आला, पूर्वीपेक्षा जोरात, मानेपर्यंत. आरशासमोर उभी राहून ती एकदा म्हणाली, "आई, ते दीड महिने मी नॉर्मल होते." त्वचेच्या डॉक्टरांनी तिला नवं इंजेक्शन सुरू केलं. त्याआधी त्यांनी धोके वाचून दाखवले, तेव्हा मला खोलीबाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

त्याच सुमारास मँचेस्टरच्या कन्सल्टंटनी विचारलं, हिची केस एका मेडिकल जर्नलसाठी लिहू का? नाव येणार नाही. मुलीनं हो म्हटलं. आणि मग बाईंचा फोन आला. त्यांनाही केस मांडायची होती, हर्बल मेडिसिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढं.

"मुळीच नाही," मी म्हणाले. "डॉक्टरांनी लिहावं. यांनी कशाला? यांना अजून यातून काय शिकवायचंय?"

"आई, केस माझी आहे," मुलगी म्हणाली. "आणि तो साल ते लोक देणार आहेत. डॉक्टर नाही देणार."

नवरा पेपर वाचत होता. तो म्हणाला, "बरोबर बोलतेय ती." आणि मी एकटी पडले.

डॉक्टरांचा लेख आधी आला. छोटासा होता. पेशंट, स्त्री, वय एकवीस, पूर्वी निरोगी, त्वचाविकारासाठी वनस्पतींचा काढा घेतल्याचा इतिहास. मग आकड्यांचा तक्ता. शेवटी, पेशंट उपचारांनी पूर्ण बरी झाली. मी तो आमच्या ब्रेकरूममध्ये सँडविच खाताना वाचला. सगळं खरं होतं. हल्ली मी वॉर्डवर नवा पेशंट आला की विचारते, काढा, चूर्ण, कुठला चहा, भस्म, काही घेता का? आमच्याकडचे गुजराती आजोबा हसतात, "सिस्टर, वो दवा थोडी है." मी तरी लिहून घेते.

शरद ऋतूत आम्ही दोघी मँचेस्टरला गेलो. ट्रामच्या स्टॉपजवळ एका कम्युनिटी सेंटरचा हॉल होता. पंचविशीपासून साठीपर्यंतचे विद्यार्थी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. मी मागच्या रांगेत दाराजवळ बसले. बाई उभ्या राहिल्या. त्यांनी मुलीची जीभ पहिल्या दिवशी कशी होती, नाडी कशी होती, कोणती साल का निवडली, हे सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "चौथ्या भेटीत मी तिच्या त्वचेचं कौतुक केलं. तिच्या थकव्याबद्दल मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. मी विचारला नाही, कारण मी खूश होते." काही जण लिहून घेत होते. एका माणसानं मध्येच विचारलं, "पण ती सालच कारण होती, हे सिद्ध कसं झालं?" बाई म्हणाल्या, "पुरतं सिद्ध होत नाही. आणखी एकाला पाजून बघायचं का?"

मग एका तरुण मुलीनं माझ्या मुलीला विचारलं, "तुला आधी कधी वाटलं, की काहीतरी बिघडलंय?"

"बरंच आधी," ती इंग्रजीत म्हणाली. "जेवण जात नव्हतं. मळमळायचं. पण मी कोणाला सांगितलं नाही, पुढची ब्लड टेस्टही टाळली. सांगितलं असतं तर बंद करायला लावलं असतं. आणि माझे हात तेव्हा..." तिनं हात पुढं करून पाहिले आणि खाली घेतले. "मला ते हात सोडायचे नव्हते."

हे मला माहीत नव्हतं. मागच्या रांगेत बसून, पंचवीस अनोळखी माणसांबरोबर, ते मला कळलं. ती बरी होती, समोर उभी होती, तिच्या गालांवर रंग होता, आणि मला उठून तिला तिथून घेऊन जावंसं वाटत होतं.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी थर्मास उघडला आणि कागदी कपांत ओतून कप आमच्यापुढं धरले. वाफ येत होती. मुलीनं कप घेतला आणि माझा हात आपोआप पुढं होऊन तिच्या मनगटावर बसला.

बाईंनी ते पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. "नुसतं गरम पाणी आहे," त्या म्हणाल्या, आणि आधी स्वतःच्या कपातून दोन घोट प्यायल्या. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी हात काढला. ती प्यायली.

मग मीही प्यायले. पाणीच होतं.